धंदा चालू, मालक थकलेला: नागपूरच्या उद्योजकांसाठी सजगतेचा आठ आठवड्यांचा सराव

नागपुरात धंदा करणारा माणूस ‘मी थकलो’ असं सहसा म्हणत नाही. मार्केट थंड आहे, उधारी अडकली आहे, लेबर टिकत नाही, असं तो म्हणतो. या तिन्ही गोष्टी खऱ्या असतात, आणि म्हणूनच चौथी त्यांच्या आड लपून राहते.

बुटीबोरीतल्या एका युनिटचे मालक रोज सकाळी गेटच्या आत गाडी लावायचे आणि तशीच बसून राहायचे. एसी चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. वॉचमन काचेपाशी येऊन विचारायचा, “साहेब, तब्येत बरी नाही काय?” ते मान हलवायचे आणि फोन कानाला लावायचे. पलीकडे कोणीच नसायचं. ऑर्डरी होत्या, बँकेचे हप्ते वेळेवर जात होते. फक्त गाडीचं दार उघडायला हात उठत नव्हता.

या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने तिची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचत गेला आणि तो नीट हाताळला गेला नाही, तर होणारा परिणाम अशी ती नोंद आहे. तिच्या तीन खुणा सांगितल्या जातात. अंगातली शक्ती संपून जाते. कामावरून मन उडतं किंवा कामाबद्दल कडवटपणा येतो. आणि आपल्या हातून आता काही धड होत नाही, असं वाटायला लागतं. पहिली खूण मालकाच्या लवकर लक्षात येते. दुसरी त्याच्याआधी सुपरवायझरच्या लक्षात येते. तिसरी मात्र मालक कोणालाच सांगत नाही.

नोकरदाराला निदान राजीनामा देता येतो. मालकाची सही बँकेच्या वैयक्तिक हमीवर असते, घर तारण असतं, आणि इतवारी-गांधीबागेत तर खाली दुकान, वर घर. रात्रीच्या जेवणाला समोर वडील किंवा मोठे भाऊ बसलेले असतात आणि पहिल्या घासालाच विचारतात, “त्या पार्टीचं काय झालं?” दुकानाचं शटर पडतं, दुकान मात्र बंद होत नाही.

या लेखात आठ आठवड्यांचा एक क्रम दिला आहे. त्याच्या मुळाशी सजगता, म्हणजे माइंडफुलनेस आहे: आत्ता श्वासात, शरीरात, मनात जे चाललं आहे ते बदलायला लगेच न धावता पाहणं. एक गोष्ट सुरुवातीलाच आग्रहाने सांगते. जास्त ओझं उचलता यावं म्हणून हा सराव करू नका. तसं केलंत तर पुढच्या वर्षी आणखी मोठं ओझं घेऊन तिथेच येऊन उभे राहाल. ओझं नेमकं कुठे रुतत आहे ते वेळेवर दिसावं आणि त्यातलं काही खाली ठेवता यावं, यासाठी तो करायचा आहे.

हा सराव आला कुठून आणि त्याने किती फरक पडतो

१९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याची मुळं बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या आपल्या शहराला श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव परका नाही. आनापान, म्हणजे हाच श्वास पाहण्याचा सराव, शिकलेलं कोणी ना कोणी तुमच्याही ओळखीत असेल. हा लेख वाचण्याइतकाच त्यांच्याजवळ बसण्याचाही उपयोग होईल.

फायद्याबद्दल बढाई मारण्याचं कारण नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा आणि त्यांतल्या ३,५१५ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, उदासी आणि वेदना या तिन्हींत मध्यम दर्जाचा पुरावा असलेली सुधारणा दिसली. व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरतं, असा पुरावा मात्र मिळाला नाही. म्हणून तुमचं सकाळचं फिरणं किंवा चालू असलेलं औषध बंद करून हे सुरू करू नका. त्यांच्या जोडीला करा.

पहिली पायरी: आधी तपासणी

थकवा मनाचाच आहे, असं गृहीत धरू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. रात्री जोरात घोरत असाल आणि दुपारी टेबलावर पेंगत असाल तर डॉक्टरांना तेही सांगा. झोपेत श्वास अडकत असेल तर कितीही ध्यान केलं तरी तो थकवा जाणार नाही. चालताना छातीत दाब येणं, डाव्या हातात कळ, दरदरून घाम यापैकी काही झालं तर श्वास मोजत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

तपासण्यांचे रिपोर्ट येईपर्यंत खिशातल्या डायरीत रोज रात्री तीन आकडे लिहा. अंगात दम किती, कामाची ओढ किती, चिडचिड किती. प्रत्येकाला शून्य ते दहा. स्पष्टीकरण लिहायचं नाही, फक्त आकडे. दोन आठवड्यांनी पानावर नजर टाकली की कोणत्या वारी आणि कोणत्या तारखेला काय होतं, ते आपोआप दिसू लागतं. पुढच्या एका पायरीत ही डायरी लागणार आहे.

दुसरी पायरी: झोप

यावर लांबण लावत नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद. कॅफिनचा अंमल उतरायला बरेच तास लागतात. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. फॅक्टरीत नाईट शिफ्ट असेल तर शिफ्ट इनचार्जला एक वेगळा नंबर द्या आणि तो आग, अपघात, वीज यांसाठीच वापरायचा असं ठरवून घ्या. झोप सहा तासांच्या खाली असेल तर पहाटे उठून ध्यान करायची घाई करू नका. ती दहा मिनिटं आधी झोपेला द्या.

तिसरी पायरी: श्वासाची दहा मिनिटं

सगळ्याचा पाया हाच. जागा रोजची, वेळ रोजची. बहुतेकांना आंघोळीनंतर आणि पहिल्या फोनच्या आधी जमतं. मांडी घालून बसायचं बंधन नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर टेकवा, पाठ ताठ आणि खांदे सैल. डोळे मिटा किंवा समोरच्या फरशीवर टेकवा. फोन फ्लाइट मोडवर टाकून त्यातला साधा टायमर लावा. त्यासाठी पैसे देऊन अ‍ॅप घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

पहिली दोन मिनिटं मनात चार अंक मोजत श्वास आत घ्या, सहा अंक मोजत बाहेर सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके स्वाभाविकपणे थोडे मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. उच्छ्वास लांबवला की शरीराला निवांतपणाचा इशारा मिळतो. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

मग आकडे सोडून द्यायचे. श्वास जिथे स्पष्ट जाणवतो ती एक जागा निवडा: नाकपुड्यांचं टोक किंवा पोट. तिथे आत जाणारा आणि बाहेर येणारा श्वास नुसता पाहत राहा. अर्ध्या मिनिटात मन कळमना बाजारातल्या भावावर, नाहीतर न आलेल्या पेमेंटवर जाईल. ते जाणारच. गेलं हे कळलं की मनातच त्याला एक छोटं नाव द्या: ‘वसुली’, ‘भांडण’, ‘नियोजन’. आणि परत श्वासावर या. दहा मिनिटांत पन्नास वेळा मन गेलं आणि पन्नास वेळा परत आणलं, तर त्या दिवशीचा सराव चांगलाच झाला. मन गेलं म्हणून स्वतःवर चिडण्याची सवय मालकांना फार असते, कारण दिवसभर चुका शोधणं हेच त्यांचं काम. त्या चिडीलाही एक नाव द्या आणि पुढे चला.

एप्रिल ते जूनमध्ये नागपुरात कूलरशिवाय कुठल्याही खोलीत बसता येत नाही, आणि कूलरचा आवाज ध्यानात व्यत्यय आणतो अशी तक्रार हमखास येते. कूलर बंद करू नका. उकाड्यात घामाने भिजून बसण्यात काही पुण्य नाही. उलट त्या दिवशी श्वासाच्या जागी कूलरचा आवाजच घ्या. नीट ऐकलंत तर त्यात पंख्याची घरघर वेगळी, खसच्या टट्ट्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा, मध्येच पंपाची कुरकुर वेगळी. आवाज आवडतो की नाही हे न ठरवता तो ऐकत राहणं, हीसुद्धा पूर्ण सजगता आहे.

झोप येत असेल तर डोळे उघडे ठेवा. अस्वस्थ होऊन उठावंसं वाटत असेल तर दहाची तीन मिनिटं करा, पण रोज करा. बसल्यावर धंद्याच्या भन्नाट कल्पना सुचतात, असंही बरेच जण सांगतात. त्या लिहून घ्यायला उठू नका. कामाची कल्पना असेल तर ती दुपारी परत येतेच.

चौथी पायरी: शरीराची पाहणी

श्वासाचा सराव दोन आठवडे टिकला की हा सुरू करा. माझ्या मते मालक माणसासाठी या सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. आठवड्यातून तीन-चारदा, रात्री झोपण्याआधी, वीस ते तीस मिनिटं.

उताणे झोपा. लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्यावर न्या. तिथे काय आहे: उष्ण, गार, मुंग्या, दाब, की काहीच नाही? काहीच जाणवलं नाही तर ‘काही नाही’ हेच उत्तर. मग तळवा, टाच, पोटरी, गुडघा, मांडी. मग उजवा पाय. मग कंबर, पोट, छाती, पाठ, दोन्ही हात, खांदे, मान, जबडा, डोळे, कपाळ. प्रत्येक ठिकाणी तीन-चार श्वास थांबायचं. सैल करायचा प्रयत्न करायचा नाही, फक्त पाहायचं. मध्ये झोप लागली तर लागू द्या.

काही दिवसांतच एक गोष्ट लक्षात येते. ताण सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कोणाचा जबडा आवळलेला असतो, कोणाच्या पोटात गोळा असतो, कोणाचे खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. एकदा आपली जागा कळली की ती दिवसाही जाणवायला लागते. फोनवर एखादं विशिष्ट नाव झळकलं की पोट आवळतं. एखादा माणूस केबिनमध्ये शिरला की जबडा घट्ट होतो. मन मात्र म्हणत असतं, काही नाही, सगळं ठीक आहे. शरीराने खरी खबर आधीच दिलेली असते.

पाचवी पायरी: दिवसातले थांबे

सकाळी दहा मिनिटं शांत आणि पुढचे बारा तास धावपळ, याने फारसं साधत नाही. म्हणून दिवसात छोटे थांबे पेरायचे. अलार्म लावून नाही. जे रोज घडतंच त्याला थांबा जोडायचा. गाडी बंद केली, दार उघडण्याआधी तीन श्वास. फोन वाजला, एक रिंग जाऊ द्यायची, दुसरीला उचलायचा. चेकवर सही किंवा आरटीजीएसचा ओटीपी टाकण्याआधी एक पूर्ण श्वास. पैशाच्या चुकाही याने कमी होतात. पार्टीला रागाचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप झालं असेल तर ते स्वतःलाच पाठवा आणि चहा झाल्यावर परत वाचा. तेव्हाही तेच म्हणावंसं वाटलं तर खुशाल पुढे पाठवा.

सगळे थांबे एकदम घेऊ नका. एक निवडा. तो हातात बसला की दुसरा घ्या.

नागपुरात खऱ्र्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीबद्दल, बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. किती तरी मालकांना, मॅनेजरांना दिवसभरात मिळणारी एकमेव विश्रांती म्हणजे पानठेल्यापर्यंत जाणं, पन्नीत खर्रा घोटून होईपर्यंत उभं राहणं, चार लोकांशी दोन शब्द बोलणं. त्यातली विश्रांती खरी आहे, तंबाखू मात्र घातक. निकोटिनने हृदयाचे ठोके वाढतात, शांत होत नाहीत. तंबाखू-सुपारीने तोंड उघडणं कमी होत जातं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तो वेळ सोडू नका, त्यातलं सामान बदला. त्याच वेळी उठा, तेवढंच चाला, सावलीत उभे राहा, दहा श्वास पाहा, परत या. तलफ आली की ती घशात, जिभेवर, छातीत कुठे जाणवते, हे पाहा. ती चढते, काही मिनिटं टिकते आणि ओसरते. सवय जुनी असेल तर एकट्याने झगडू नका, डॉक्टरांची मदत घ्या.

चालताना करायचा सराव सोपा आहे. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, जे जवळ असेल ते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सकाळी सहाच्या आत उरकून घ्या. पंधरा मिनिटं इअरफोन नको आणि शेअरबाजाराची चर्चा करणारा ग्रुपही नको. तळवा जमिनीला टेकतो, उचलतो, एवढंच पाहायचं. हिंगण्याला जाणाऱ्यांनी आठवड्यातून एखादा दिवस मेट्रो घ्यावी. सीताबर्डी ते लोकमान्य नगर एवढा वेळ फोन खिशात ठेवून डोळे उघडे ठेवून बसायचं. गाडी चालवताना मात्र असले प्रयोग करायचे नाहीत. तिथे रस्ता हाच एकमेव विषय.

सहावी पायरी: महिन्याचं आणि वर्षाचं कॅलेंडर

आता डायरीतले आकडे काढा. बहुतेकांची चिडचिड ठरावीक तारखांना वर जाताना दिसेल. सात तारखेला टीडीएस आणि त्याच सुमारास पगार, अकराला जीएसटीआर-१, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला जीएसटीआर-३बी. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पंधराला अ‍ॅडव्हान्स टॅक्स. या तारखा कोणाला चुकत नाहीत, म्हणून त्यांना सराव बांधून टाका. आदल्या रात्री शरीराची पाहणी, त्या दिवशी सकाळी दहाऐवजी पाच मिनिटं पण नक्की, आणि त्या दिवशी कोणाला कामावरून काढायचं नाही, भागीदाराशी वाद उकरायचा नाही, नवीन मशीन बुक करायचं नाही.

वर्षाचेही मोसम असतात. गांधीबागेतल्या कापड व्यापाऱ्याची दिवाळी, संत्रा व्यापाऱ्याचा आंबिया बहार, हॉटेल आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचं डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन, आणि सगळ्यांचाच मार्च एंडिंग. आठ आठवड्यांची सुरुवात या गर्दीत करू नका. हंगाम संपल्यावर एक आठवडा जाऊ द्या आणि सोमवारी सुरू करा.

सातवी पायरी: ओझं खाली ठेवणं

इथे घाई करू नका, कारण सगळ्या सरावाचं फळ याच पायरीवर मिळतं. पाचव्या आठवड्यापासून रविवारी अर्धा तास काढा. आधी दहा मिनिटं श्वास. मग एका कागदावर त्या आठवड्यात शरीर कुठे कुठे आवळलं ते लिहा. ‘कामाचा ताण’ असं मोघम नको. कोण समोर होतं, कोणतं काम होतं, किती वाजले होते, ते लिहा.

समजा, हिंगणा एमआयडीसीत तुमचं छोटं मशीन शॉप आहे. सगळा त्रास प्रॉडक्शनचा आहे, असं तुम्हाला वाटत होतं. तीन रविवारचे कागद शेजारी ठेवल्यावर दिसतं की मशीन बंद पडलं तेव्हा तुम्ही बऱ्यापैकी शांत होता. पोटात गोळा आला तो दर वेळी एकाच मोठ्या ग्राहकाच्या परचेस मॅनेजरच्या फोननंतर. तीन महिन्यांचं बिल अडकलेलं, तरी नवीन ऑर्डरला नाही म्हणता येत नाही, कारण इतक्या वर्षांचे संबंध. आता थकव्याला नाव मिळालं, आणि ज्याला नाव आहे त्यावर उपाय करता येतो. ‘मागचं बिल निघेपर्यंत पुढचा माल अ‍ॅडव्हान्सवर’ हे वाक्य फोनवर म्हणण्याआधी सातदा मोठ्याने म्हणून पाहा, आणि म्हणताना पोटात काय होतं ते पाहा. तिथे भीती असेल. ती असतानाही वाक्य पूर्ण करता येतं.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवा उद्योगांच्या मागे कायदाही उभा आहे. करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत ग्राहकाला पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येतं. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. व्यापाऱ्यांना ही तरतूद लागू होत नाही, त्यांना उधारीची मर्यादा स्वतःच आखावी लागते. तुमच्या सीएशी यावर एकदा बसून बोला.

कागदावरच्या प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा: हे मीच करायचं, हे दुसऱ्याला द्यायचं, हे बंद करायचं. ‘मीच करायचं’ या खुणा अर्ध्याहून जास्त आल्या तर परत पाहा. दहा हजारांच्या आतल्या खरेदीला तुमची सही कशाला लागते? गेट पास तुम्हीच का पाहता? ‘ते नाही करू शकत, मलाच करावं लागतं’ हा विचार मनात आला की त्याच वेळी छातीत काय होतं, तेही पाहा. पुष्कळदा तिथे अभिमान असतो आणि त्याच्या खाली, आपण नसलो तरी चालेल की काय, ही धास्ती. वाईट वाटून घेऊ नका. ज्यांनी शून्यातून धंदा उभा केला त्यांच्या मनात ती असणारच.

दर रविवारी फक्त एकच काम दुसऱ्याला द्या. ज्याला दिलं त्याने ते आपल्या पद्धतीने, थोडं वेडंवाकडं केलं, की टोकण्याची उबळ येईल. त्या वेळी तीन श्वास. माल खराब होत नसेल आणि कोणाला इजा होत नसेल तर गप्प राहा.

घरातही एक गोष्ट ठरवा. वडील, भाऊ धंद्यात असतील तर जेवताना हिशोब नको, जेवण झाल्यावर हवं तर पंधरा मिनिटं बोलू, पण ताटावर नको. हे भांडून नाही, विनंती करून ठरवायचं. “बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय” हे वाक्य नागपूरच्या घरांत इतर कुठल्याही युक्तिवादापेक्षा लवकर चालतं, आणि पहिल्या पायरीत तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलेले आहातच. त्यांच्याकडून ते खरंच वदवून घ्या.

आठ आठवड्यांचा क्रम

पहिले दोन आठवडे फक्त डायरी, झोप आणि रोज दहा मिनिटं श्वास. तिसऱ्यात शरीराची पाहणी आणि दिवसातला एक थांबा सुरू. चौथ्यात चालणं आणि दुसरा थांबा. श्वास पंधरा मिनिटांवर न्या. पाचव्यापासून रविवारचा कागद. सहाव्यात एक अवघड संभाषण, जे तुम्ही कित्येक महिने टाळलंत: भागीदाराशी, बँकेशी किंवा त्या पार्टीशी. सातव्यात एक पूर्ण दिवस फोन दुसऱ्याकडे द्या. तुमच्याशिवाय काय अडलं याची यादी त्याला करायला सांगा, ती यादी पुढच्या रविवारी कामी येते. आठव्यात डायरीतले पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यातले आकडे शेजारी ठेवा. चिडचिड दोन अंकांनी खाली आली असेल तर चांगलं चाललं आहे. काहीच हललं नसेल तर सराव वाढवू नका. कामाचे तास आणि देणी यांचा विचार करा आणि तज्ज्ञाला भेटा.

कधी थांबायचं

डोळे मिटून बसल्यावर प्रत्येकालाच बरं वाटतं असं नाही. जुना अपघात, घरातला मृत्यू, मारहाण असं काही वर येऊन छाती धडधडत असेल तर डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या आणि त्या दिवशी तेवढ्यावर थांबा. पुन्हा पुन्हा होत असेल तर मार्गदर्शकाशिवाय पुढे जाऊ नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि मिहानमधल्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, खासगी डॉक्टर आहेत. आयुष्य संपवावं असा विचार एकदाही आला असेल तर लेख इथेच ठेवा. घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा आणि १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. कर्ज कितीही मोठं असलं तरी त्यावर बँकेशी बोलणी होऊ शकतात.

दहा दिवसांचं शिबिर करायचं असेल तर

आठ आठवडे झाल्यावर काहींना आणखी खोल जावंसं वाटतं. कळमेश्वर रोडवर माहुरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या पद्धतीची दहा दिवसांची शिबिरं तिथे होतात. शिबिराची फी नसते. पूर्ण केल्यावर स्वेच्छेने दान देता येतं. पहाटे चारला उठायचं, पहिले तीन दिवस आनापान, बाकी दिवस विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना पाहणं, दहाव्या दिवसापर्यंत मौन, फोन जमा. आदल्या दिवशी पोहोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे कॅलेंडरवर बारा दिवस धरा. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका. बर्नआउटच्या ऐन भरात थेट इथे जाऊ नका. घरी रोज वीस मिनिटं बसणं जमायला लागल्यावर जा.

जाण्याआधी महिनाभर तयारी लागते. पगार आणि जीएसटीच्या तारखा टाळून शिबिर निवडा. चालू खात्यावर दुसरा अधिकृत सहीकर्ता बँकेकडून नोंदवून घ्या. फर्म किंवा कंपनी असेल तर त्याचा ठराव लागतो आणि बँकेला त्याला काही दिवस लागतात. नेट बँकिंगचा ओटीपी कोणाच्या नंबरवर येतो ते तपासा. मोठ्या दोन-तीन ग्राहकांना तारखा आधी कळवा. कुठल्या प्रसंगी केंद्राच्या ऑफिसमध्ये निरोप द्यायचा, हे घरच्यांना आणि मॅनेजरला एका कागदावर लिहून द्या.